दुसऱ्या मजल्यावरचं पाणी

धनसिंगबद्दल मला फारसं काही ठाऊक नाही, हे आधीच सांगून टाकतो. सहा वर्षं तो रोज आमच्या दारात येत होता आणि मला त्याचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं. ते मी यंदा जून महिन्यात दवाखान्याच्या कागदावर वाचलं. धनसिंग आडे, वय सेहेचाळीस. मी त्याला पन्नाशीच्या पुढचा समजत होतो. त्याचा तांडा केनवडच्या बाजूला कुठेतरी आहे एवढं कानावर होतं, पण तांड्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जिन्यात उभा राहून तो फोनवर आईशी त्यांच्या बोलीत बोलायचा आणि मध्येच खूप हसायचा. ती बोली मला कळत नाही. एवढं हसायला काय झालं, असं एकदा विचारायचं मनात होतं. ते राहून गेलं.

मला माहीत होती ती त्याची पावलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर तो थांबायचा, पाण्याचा जार उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घ्यायचा आणि मग उरलेल्या अठरा पायऱ्या चढायचा. मी आत खुर्चीवर बसून ते ऐकायचो आणि तो वर पोहोचेपर्यंत दार उघडायला उठायचो. गुडघ्यांमुळे मला तेवढाच वेळ लागतो.

मी लिहिणारा माणूस नाही. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी केली. दाखले लिहिले, पत्रं लिहिली, तीही ठरलेल्या मायन्यात. इमारतीत आता सगळे म्हणतात, त्यानं बिमारी लपवली, सांगितलं असतं तर आपण काही केलं नसतं का. ते पूर्ण खरं नाही. त्यानं एका माणसाला सांगितलं होतं. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. कसं जमतंय ते माहीत नाही.

आमची इमारत रिसोडला, बाजार समितीच्या रस्त्याला लागून असलेल्या गल्लीत आहे. खाली फुलचंदजींचं बी-बियाण्याचं दुकान, वर तीन मजले, मजल्यावर दोन घरं. इमारत फुलचंदजींनीच बांधली, ते स्वतः पहिल्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. अंगणात बोअर आहे आणि त्याचं पाणी गोडं आहे. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर पुढचं वाचताना कोणाला वाटेल की या लोकांना प्यायला पाणी नव्हतं. पाणी होतं. मी इथे राहायला आलो तेव्हा सहाही घरांतली माणसं सकाळी बोअरच्या तोटीवर गुंड-कळशा भरून न्यायची. माझी बायको होती तोवर आमच्याकडे माठ होता.

जार आधी तिसऱ्या मजल्यावरच्या सतीशकडे आला. सतीशचं मोबाइलचं दुकान आहे, स्वभावानं चांगला मुलगा आहे. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला पाच जार मागवले होते, त्यातला एक उरला, आणि तोटी फिरवली की गार पाणी येतं हे घरातल्यांना आवडलं. मग उन्हाळ्यापुरता रोज एक जार सुरू झाला. उन्हाळा संपला, जार बंद झाला नाही. वर्षभरात सहाही घरांत जार आले. आमच्याकडे बायको गेल्यावर माठ कोणी धुवायचा हा प्रश्न होता. मुलगा रोज वाशीमला जाऊन-येऊन नोकरी करतो, सून रेणू शाळेत शिकवते. दोघांनीही काही म्हटलं नव्हतं. जार लावून टाकू, असं मीच म्हटलं.

पाण्याचा प्लांट गावाबाहेर आहे. तिथून धनसिंग मालवाहू ऑटोत जार भरून आणायचा आणि गल्लोगल्ली पोहोचवायचा. त्याआधी तो ऊसतोडीला जायचा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं काय असतं ते त्यानं मला एकदा पाय टाकून दाखवलं होतं, आमच्याच जिन्यात. त्याच्यापुढे हे म्हणजे खेळ आहे, असं तो म्हणाला. पहिली दोन वर्षं तरी ते खरं दिसायचं.

मग आमच्या इमारतीत एक वाक्य सुरू झालं. ‘येऊनच राह्यला तं.’ येऊनच राह्यला तं दुधाच्या दोन पिशव्या आन. येऊनच राह्यला तं गिरणीतून दळण घेऊन ये. पहिल्या मजल्यावरच्या केशरबाई त्याच्याकडून औषधाच्या गोळ्या मागवायच्या, आणि चुकीच्या आल्या तर परत पाठवायच्या. जाताना कचऱ्याची पिशवी त्याच्या हातात द्यायची हेही ठरून गेलं. टाकीच्या मोटरीचं बटण जिन्याखाली आहे. टाकी भरून पाणी गच्चीवरून वाहायला लागलं की सतीश खाली उतरायच्या ऐवजी धनसिंगला फोन करायचा, आणि धनसिंग दोन गल्ल्या पलीकडून ऑटो घेऊन यायचा, बटण दाबायचा आणि परत जायचा. याचं सगळ्यांना हसू यायचं, धनसिंगलाही. तो सतीशला म्हणायचा, भाऊ, माह्या घरची मोटर बी एवढ्या डाव बंद नाई केली मी, कारन माह्या घरी मोटरच नाई.

मी काही वेगळा नव्हतो. डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं की रोज एकदा तरी जिना उतरून चढत जा, नाहीतर गुडघे धरतील. पेपर आणायला खाली जाणं हा माझा तो जिना होता. एका सकाळी मी धनसिंगला म्हटलं, येतोच आहेस तर पेपर वर घेऊन येत जा. त्यानं दुसऱ्या दिवसापासून पेपर खिशात खोचून आणला. त्यानंतर मी आठवड्यातून एखाद्या वेळीच खाली उतरायला लागलो.

यंदा मार्चमधली गोष्ट. त्याची पावलं पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबली आणि पुढे आलीच नाहीत. मी दार उघडून पाहिलं तर तो पायरीवर बसला होता. जार शेजारी, एक हात जांघेवर दाबून धरलेला. मी कठडा धरून वळणापर्यंत उतरलो आणि त्याच्याजवळ गेलो. तो म्हणाला, कोणाला सांगू नका. मग त्यानं सांगितलं की आतडं उतरलं आहे, म्हणजे हर्निया. वाशीमला दाखवून आला होता. ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. जूनमधली अकरा तारीख त्यानं स्वतःच मागून घेतली होती, कारण उन्हाळ्याचे तीन महिने हा जारचा धंदा, आणि त्या दिवसांत रजा घेतली तर प्लांटवाला त्याची लाइन, म्हणजे रोजची गिऱ्हाइकं, दुसऱ्याला देईल. एकदा गेलेली लाइन परत मिळत नाही. तोवर काय करायचं, असं त्यानं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गाडी चालव, पण वजन घेऊन जिना चढायचा नाही. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल.

त्याची बाकीची गिऱ्हाइकं म्हणजे दुकानं आणि बैठी घरं. तिथे लोक ऑटोतून जार स्वतः उतरवून घेत. जिना फक्त आमचा होता.

“तुमच्या बिल्डिंगीतल्या लोकाइनं खालून जार नेले ना काकाजी, तं मी जूनपर्यंत निभावून नेतो,” तो म्हणाला. “तुमी सांगून पाहा. तुमी नोकरीतले मानूस, तुमचं ऐकतीन.”

मी विचारलं, तूच का नाही सांगत?

“मी सांगतलं तं म्हनतीन, होत नसन तं सोड, आमी दुसरा लावतो. तुमी फक्त खालून न्या म्हना. बिमारीचं नोका सांगू. प्लांटवर कळन, अन् बायाइसमोर लाज बी वाटते.”

मी सांगतो म्हटलं. त्या वेळी ते मला सोपं वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी फुलचंदजींनी रविवारी सकाळी दुकानात सगळ्यांना बोलावलं. जिन्यात कॅमेरे बसवायचे की नाही, हा विषय होता. मी आदल्या दिवशी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं, ‘पाण्याचे जार प्रत्येकाने खालून न्यावेत, ही विनंती.’ चिठ्ठी खिशात घेऊन मी पोत्यांजवळच्या खुर्चीवर बसलो. कॅमेऱ्यांचं बोलणं बराच वेळ चाललं. चहा आला. लोक उठायला लागले तेव्हा मी म्हटलं, एक सांगायचं होतं. सगळे परत बसले आणि माझ्याकडे पाहायला लागले. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. शाळेतही मी कधी बोललो नाही, मुख्याध्यापक बोलायचे आणि मी लिहून घ्यायचो. चिठ्ठी खिशातून काढायलाही मला संकोच वाटला. मी एवढंच म्हणालो की धनसिंगला हल्ली वर चढायचा त्रास होतो, काही व्यवस्था करता आली तर पाहावं.

खालून न्या, हे त्यानं सांगितलेले दोनच शब्द होते. तेच माझ्याकडून बोलले गेले नाहीत.

सगळे लगेच कबूल झाले. सतीश म्हणाला, बरं झालं काकाजी तुम्ही बोललात, आमच्या ध्यानातच नाही आलं. फुलचंदजी म्हणाले, इतकी वर्षं आपल्याकडे येतो आहे, त्याचा विचार केलाच पाहिजे. मग केशरबाईंनी तोड काढली.

“त्याची बायको हाय ना नानीबाई? ती नेत जाईन वर. बाईले पान्याचं काय वझं? आमी तं दोन-दोन गुंड डोक्शावर घेऊन नदीवरून यायचो.”

कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे बाईच्या डोक्यावरचं पाणी कोणाला ओझं म्हणून दिसतच नाही. माझी आई, माझी बायको, सगळ्यांनी वाहिलं. नानीबाई एरवी निंदणी-खुरपणीला जायची, उन्हाळ्यात तिला काम नसायचं, तेव्हा तिलाही चार पैसे मिळतील असं फुलचंदजी म्हणाले. दोन मिनिटांत ठरलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. खोटं कशाला लिहू, मान हलवताना मला थोडं हलकं वाटलं. आपल्यालाही जार खालून आणावा लागणार नाही, हा विचार तेव्हा मनात येऊन गेला होता.

धनसिंगला सतीशनं फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतून खाली पाहिलं तर तो ऑटोजवळ उभा होता आणि नानीबाई जार उघडून गुंडात पाणी ओतून घेत होती. जार गुळगुळीत, डोक्यावर राहत नाही. म्हणून ती अर्धा जार गुंडात घ्यायची, चुंबळीवर ठेवायची, वर न्यायची, आमच्या रिकाम्या जारमध्ये ओतायची आणि उरलेल्या अर्ध्यासाठी परत खाली जायची. एका घराला दोन खेपा. सहा घरं. एप्रिल लागला तशी दोन घरं रोज दोन जार घ्यायला लागली.

धनसिंग माझ्यावर रागावला असेल असं मला वाटलं होतं. खाली गेलो तेव्हा मी त्याला म्हटलं की मला नीट सांगता आलं नाही. तो ऑटोच्या सीटवर बसून होता. “तुमी सांगतलं, त्याइनं ऐकलं,” तो म्हणाला. “पन त्याइच्या सोयीनं ऐकलं. जाऊ द्या काकाजी.” बोलताना तो जिन्याकडे पाहत होता. नानीबाई वरून रिकामा गुंड घेऊन उतरत होती. ती माझ्यासमोर थांबली. आधी कधी ती माझ्याशी बोलली नव्हती.

“काकाजी, माह्या नवऱ्याचं वझं तं तुमी उतरवलं,” ती म्हणाली. “आता माहं उतरवाले कोनाले पाठवता?”

आणि हसली. तिच्या हसण्यात तसा राग नव्हता. मी कठड्याला धरून वर आलो.

महिन्याभरात तिच्याही बाबतीत तेच वाक्य सुरू झालं. येऊनच राह्यली तं कपडे गच्चीवर टाकून दे. येऊनच राह्यली तं जिना झाडून घे. दोन घरची भांडी तिच्याकडे आली. त्याचे पैसे तिला मिळत होते, कोणी तिला फुकट राबवलं नाही, हेही लिहायला हवं. सणाचं गोडधोडही देत. वाईट कोणीच नव्हतं. मला राग धरायला एखादा माणूस सापडला असता तर बरं झालं असतं.

मे महिन्यात मी ठरवलं की आपल्यापुरतं तरी पाणी आपण आणायचं. जारच बंद करावा असं आधी मनात आलं. रेणूला म्हटलं, पूर्वीसारखा माठ ठेवू. तिची मे महिन्यातही कसली तरी शाळेची ट्रेनिंगं चालू होती. ती म्हणाली, बाबा, मी भर उन्हातून येते, एक ग्लास गार पाणी मिळतं तेवढंच सुख आहे. माठ आणा, पण तो धुवायचा कोणी आणि भरायचा कोणी ते आधी ठरवा. ती चुकीचं बोलली नाही. आणि माठ आणायचा तर बाजारात जायचं, तो घेऊन दोन जिने चढायचे. माझ्या गुडघ्यांना ते होणारं नव्हतं. माठ मी धनसिंगला सांगून आणवणार होतो. हे लक्षात आल्यावर मी तो विषय सोडला.

मग मी स्टीलची लहान कळशी घेतली. धनसिंगचा ऑटो आला की खाली जायचं, आपल्या जारमधलं पाणी कळशीनं वर आणायचं, चार-पाच खेपांत. पहिल्या दिवशी तीन खेपा झाल्या आणि मी झोपून राहिलो. दुसऱ्या दिवशी पाच जमल्या. धनसिंग नको नको म्हणत होता, पण त्याला बरं वाटलं असावं असं मला वाटलं. निदान नानीबाईच्या दोन खेपा वाचल्या.

तिसऱ्या दिवशी मी कळशी घेऊन पहिल्या मजल्याच्या वळणावर दम खात उभा होतो. सतीश दुकानात जायला वरून उतरत होता. त्यानं मला पाहिलं, माझ्या हातातली कळशी काढून घेतली आणि धावत वर नेऊन ठेवली. परत उतरताना म्हणाला, काकाजी, या वयात तुम्ही पाणी वाहता? आम्ही मेलो का? मी म्हटलं, अरे मीच ठरवलं आहे. तो थांबला नाही. त्यानं खाली जाऊन फुलचंदजींना सांगितलं. फुलचंदजी दुकानाच्या पायरीवर आले आणि त्यांचा आवाज मला वर जिन्यात ऐकू आला.

“काहून रे धनसिंग, म्हातारा मानूस पानी वाहून राह्यला अन् तू गाडीत बसून हायस? कधीपासून एवढा शेठ झाला तू?”

मी अजून त्या वळणावरच होतो. खाली जाऊन म्हणायचं होतं की त्याला बिमारी आहे, तो उचलू शकत नाही, आणि हे तुम्हाला सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी एक पायरी उतरलो. पण त्यानं सांगू नका म्हटलं होतं, हेही मला त्याच वेळी आठवलं. ते मला आठवलं की मी ते शोधून काढलं, हे आता नक्की सांगता येत नाही. खालून धनसिंगचा आवाज आला, “चुकलं शेठजी.” मी वर आलो आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी रेणूच्याही कानावर ते गेलं होतं. ती रागावली नाही, रडवेली झाली. लोक म्हणतील सून सासऱ्याला पाणी वाहायला लावते, बाबा तुम्ही माझा विचार तरी करायचा. मी कळशी ओट्याखाली ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जिन्यात पावलं ऐकू आली. वळणावर थांबली. मग अठरा पायऱ्या. दार उघडलं तर धनसिंग जार खांद्यावर घेऊन उभा. मी म्हटलं, अरे तू कशाला? तो म्हणाला, तुमचा एकच तं हाय काकाजी. जार स्टँडवर ठेवून, पेपर टेबलावर टाकून तो गेला. त्या दिवसापासून आमचा जार तो स्वतः आणायला लागला. बाकीच्या पाच घरांना नानीबाई, आणि आम्हाला तो. मला पाणी वाहावं लागू नये म्हणून. मी रोज म्हणायचो, उद्या आणू नकोस. आणि रोज दार उघडायचो. जून जवळ आला होता, थोडेच दिवस आहेत, असं मी मनात मोजत होतो.

पाच जूनला, गुरुवारी, नानीबाई भाचीच्या लग्नासाठी तांड्यावर गेली. त्या दिवशी फार तापलं होतं. सकाळी धनसिंग अंगणातून सतीशला फोनवर विचारताना मी ऐकलं, बायको नाही आज, कोणी खाली येऊन जार नेईल का. सतीश दुकानावर होता. पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण धनसिंग म्हणाला, बरं, दारात ठेवतो. त्यानं त्या दिवशी किती जार वर नेले ते मला माहीत नाही. मी मोजले नाहीत. आमचा जार आदल्या रात्रीच संपला होता, तोटी नीट बंद झाली नव्हती. अंगणात बोअरची तोटी होती. साडेदहापर्यंत आमचा नवा जार आला नाही, तेव्हा मी धनसिंगला फोन केला आणि म्हटलं, आमच्याकडे पाणी नाही.

दुपारी तीनच्या सुमारास प्लांटवर त्याला उलट्या सुरू झाल्या आणि तो खाली बसला तो उठलाच नाही. वाशीमला नेलं, तिथून अकोल्याला. ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी तो गेला. दोन दिवसांनी त्याची ठरलेली तारीख होती. त्या दिवशी जिना चढला नसता तर वाचला असता का, हे मी कोणा डॉक्टरांना विचारलेलं नाही. मला दवाखान्यात जायचं होतं. मुलाला म्हणणार होतो, गाडीनं नेशील का. त्याला रजा मिळेल का, हा विचार करण्यात ते चार दिवस गेले.

इमारतीच्या ग्रुपवर सतीशनं बातमी टाकली. रेणूनं मला वाचून दाखवली. बातमीखाली सगळ्यांनी हात जोडले होते. थोड्या वेळानं त्याच्याखाली फुलचंदजींनी जारच्या नव्या माणसाचा नंबर टाकला.

हा नवा माणूस पहिल्याच दिवशी म्हणाला, मी जिना चढत नाही, जार खालीच मिळतील. आता सकाळी सगळे खाली जातात आणि आपापले जार घेऊन येतात. सतीश स्वतःचा नेतो, वर येताना केशरबाईंचा दारात ठेवतो, परत जाऊन आमचा आणतो. कोणी एका शब्दानं कुरकुरलं नाही. आठ दिवसांत सवय होऊन गेली. मी सतीशला दार उघडतो आणि तो जार ठेवतो तेव्हा माझ्याच्यानं त्याच्याकडे पाहवत नाही. तो म्हणतो, काय झालं काकाजी, तब्येत बरी आहे ना?

जूनच्या शेवटी नानीबाई आली होती. तिला कसल्याशा मदतीसाठी अर्ज करायचा होता आणि मला लिहिता येतं हे तिला माहीत होतं. दवाखान्याचे कागद तिनं पिशवीत आणले होते. तिथेच मी त्याचं पूर्ण नाव वाचलं. मी अर्ज लिहायला लागलो, ‘माझे पती मयत’ इथपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, “त्यानं मले सांगतलं होतं. बिमारीचं बिल्डिंगीत फक्त काकाजीले मालूम हाय, म्हने.”

मी हो म्हटलं. अर्ज पुरा केला. तिनं अंगठ्याच्या जागी सही केली, चांगली वळणदार सही होती. मग कागद पिशवीत घालून ती गेली. आता ती तांड्यावर असते असं ऐकतो. अर्जाचं पुढं काय झालं ते मला कळलेलं नाही.

त्या गुरुवारचं सांगायचं राहिलं. माझ्या फोननंतर अर्ध्या तासानं तो आला. वळणावर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. मी दार उघडूनच उभा होतो. त्यानं जार स्टँडवर ठेवला, तोटी फिरवून पाहिली, घट्ट केली आणि गमछ्यानं तोंड पुसलं. चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, बस थोडा.

“नाई काकाजी, गाडी उन्हात हाय.”

“नानीबाई कधी येते?”

“परवा येईन. येतो मंग. दार लावून घ्या, गरम हवा येऊन राह्यली.”

“लावतो,” मी म्हटलं.